एका बाजूला एक

डॉक्टरीणबाईंनी आरशाच्या दांडीचं टोक माझ्या वरच्या एका दातावर टेकवलं, मागून बोट लावलं आणि दात हलवून पाहिला. हलला. मला तो हललेला कळला आणि त्यांनाही कळलाय, हे त्यांच्या डोळ्यांवरून समजलं. मास्कच्या वर डोळेच तेवढे दिसत होते. त्यांनी शेजारचा दात हलवला, पुन्हा पहिल्याकडे आल्या, आणि म्हणाल्या, "सिस्टर, एक छोटा एक्स-रे घेऊया." एरवी तारा आवळताना त्या सारखं काहीतरी बोलत असतात, पाऊस, ट्रॅफिक, माझ्या कारखान्याच्या गमती. त्या दिवशी एकदम गप्प झाल्या.

दात का हलतोय, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात आहे. ओतीव भाग मशीनवर कापले जातात आणि कापलेला भाग मापात आहे की नाही हे मी बघते. केसाहून बारीक फरकासाठी मी चांगल्या धिप्पाड माणसांशी भांडलेली आहे आणि बहुतेक वेळा जिंकलेली आहे. तोंडावर मला मॅडम म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही माझ्या कानावर आलंय, पण ते लिहिण्यासारखं नाही.

माझे वरचे दात लहानपणापासून पुढं. आमच्या घरातल्या एकाही फोटोत माझे ओठ उघडे नाहीत. हसू आलं की हात आपोआप तोंडावर जायचा, कारखान्यात ग्रीसनं माखलेला असला तरी जायचा. अडतिसाव्या वर्षी एकदा ओठाला ग्रीस लागलेलं घेऊन दिवसभर फिरले, कुणी सांगितलंही नाही. त्याच आठवड्यात राजारामपुरीतल्या दवाखान्यात जाऊन दातांना क्लिपा बसवायचं ठरवलं. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, "ह्या वयात? आता कुणाला दाखवायचं हाय?"

"मला," मी म्हणाले.

वरचे दोन दात काढून जागा केली होती, उजवीकडे एक, डावीकडे एक. पुढचे दात महिन्यामागून महिना मागं ओढून ती जागा भरायची होती. दर महिन्याला फेरी. खुर्चीत आडवं व्हायचं, ओठ ताणून धरणारी प्लॅस्टिकची चौकट तोंडात बसायची, जुनी तार सुटायची. तार निघाल्यावर घटकाभर दात उघडेवाघडे वाटतात, जीभ सारखी त्यांच्यावरून फिरते. मग नवी तार येते, मागच्या दाढेपाशी तिचं जास्तीचं टोक कट्कन कापलं जातं आणि सगळं तोंड आवळलं जातं. पुढचे दोन दिवस दुधात कुस्करलेली भाकरी. म्हणून फेरीच्या दिवशी सकाळी नवरा न चुकता मिसळ घेऊन यायचा. "खा. आज तुजी शेवटची न्ह्यारी," म्हणायचा आणि समोर बसून माझ्याहून जास्त स्वतःच खायचा.

त्याशिवाय रबर होते. छोटे, अंगठीहूनही लहान. वरच्या सुळ्याच्या हुकात एक टोक अडकवायचं, खालच्या दाढेच्या हुकात दुसरं. जेवताना काढायचे, एरवी दिवसरात्र घालायचे, रोज नवे. डॉक्टरीणबाईंनी एक कार्ड दिलं होतं. वर छापलेलं, 'एका बाजूला एक रबर', आणि खाली दिवसांचे चौकोन. घातले की खूण करायची. "हे मी शाळेतल्या मुलांना देते, ताई," त्या जराशा लाजत म्हणाल्या होत्या. "तुम्हाला द्यायची गरज नाही खरं तर. तुमचं कामच मोजायचं."

मला ते फार आवडलं. मी चौकोनात बारीक, एकसारख्या खुणा करायला लागले.

मापाचं वेड डोक्यात असलं की ते घरीही सुटत नाही. डिप्लोमाला असताना घेतलेला माझा स्वतःचा व्हर्नियर, बारीक माप घ्यायची जबड्यांची पट्टी, कपाटात होता. तो मी स्पिरिटनं पुसला आणि दर रविवारी आरशासमोर उभी राहून दातांमधली जागा मोजायला लागले. डाव्या हातानं ओठ वर धरायचा, उजव्या हातानं व्हर्नियरचे जबडे फटीत घालायचे, श्वास रोखायचा. आकडा वहीत लिहायचा. नवरा म्हणाला, "दात हाय का बेअरिंग?" मी लक्ष दिलं नाही. जागा भरत होती, पण गोगलगायीसारखी. आणि माझ्या भावाच्या मुलीचं लग्न मे महिन्यात होतं, चंदगडला. सगळं गोत गोळा होणार, फोटो निघणार. क्लिपा निघाल्या नाहीत तरी चालल्या असत्या, पण फट मिटलेली हवी होती. मला एका तरी फोटोत तोंड उघडून हसायचं होतं. कुणाला पोरकट वाटलं तर वाटो. अडतीस वर्षं मिटलेल्या ओठांनी उभं राहून बघावं मग बोलावं.

जानेवारीत मी वहीतले आकडे मांडले. त्या गतीनं मे काही गाठला जात नव्हता. आमच्याकडे एका पाळीत माल निघाला नाही की दुसरी पाळी लावतात. मी दुसरी पाळी लावली. एका बाजूला दोन रबर.

नवऱ्यानं ते दोन दिवसांत पाहिलं. मी आरशासमोर दुसरा रबर अडकवत होते.

"काय कराल्यास? दोन दोन?"

"हं."

"डॉक्टरनं सांगिटलंय व्हय?"

"होय."

"बघ बाई. पिठाची गिरण न्हाय ती, दोन पट्टं लावलं की दुप्पट दळायला."

मला राग आला. हा माणूस अडाण्यासारखं बोलतोय असंच वाटलं, कारण पुढच्या रविवारी व्हर्नियर माझ्या बाजूनं बोलला. फट चांगलीच कमी झाली होती. दुखत होतं, कानापर्यंत ठणकायचं, पण दुखणं म्हणजे काम चालू आहे असं मी धरून चालले. फेब्रुवारीतल्या फेरीला जाताना पंचगंगेच्या पुलाअलीकडे स्कूटर बाजूला घेतली, हेल्मेट काढलं आणि दोन्हीकडचा एकेक रबर काढून पर्समध्ये टाकला. डॉक्टरीणबाईंनी तोंडात पाहिलं आणि त्या खूश झाल्या. "बघा, नियमित घातले की असं होतं!" त्यांनी माझं कार्ड मागून घेतलं आणि बाहेर बसायच्या जागेतल्या बोर्डावर टाचणीनं लावलं, शाळेतल्या मुलांनी बघावं म्हणून. नाव कागदाच्या पट्टीनं झाकलं होतं एवढंच. खरं सांगायचं तर मला लाजही वाटली नाही. मला बरं वाटलं.

त्यानंतर आठवड्याभरात कारखान्यात ते मामांचं प्रकरण झालं. मामा म्हणजे आमच्या एका मशीनवरचे ऑपरेटर, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे, मलकापूरहून एसटीनं येणारे. मशीनवरच्या माणसानं दर तासाला काही नग मोजून कागदावर आकडे लिहायचे असतात. मी संध्याकाळी मामांचा कागद हातात घेतला. दुपारी तीन ते चारचे आकडे ओळीनं लिहिलेले, सगळे अगदी मापात. आणि त्या तासाला लाइट गेली होती. मशीन बंद होतं, मोजायला नगच नव्हते. मामांनी सवयीनं रोजच्यासारखे आकडे भरून टाकले होते.

मी मशीनजवळ गेले, सगळे हात धूत होते, निघायची वेळ होती. मी थांबायला हवं होतं. थांबले नाही. "मामा, लाइट नसताना तुम्ही मोजलंत? अंधारात?" कुणीतरी हसलं. मामांनी मान खाली घातली. "एक आकडा खोटा म्हणजे सगळा कागद खोटा," मी म्हणाले. "उद्यापासून व्हर्नियर तुमच्या हातात नको." दुसऱ्या दिवसापासून मोजायला मी दुसरा माणूस दिला. मामा नुसते नग चढवायचे, उतरवायचे. मला माझं काही चुकलं असं वाटलं नाही. व्हर्नियर काढून घेण्यात चुकलंही नव्हतं. त्या आठवड्यातही माझ्या तोंडात चार रबर होते.

मार्चमध्ये दात हलायला लागला. वरचा, पुढून दुसरा, डावीकडचा. जिभेनं ढकलला की जायचा, सोडला की यायचा. क्लिपा असताना दात थोडे हलतातच, असं डॉक्टरीणबाईंनीच पहिल्या दिवशी सांगितलं होतं. ते वाक्य मी दिवसातून दहा वेळा आठवलं. केळंसुद्धा उजव्या बाजूनं खायला लागले. दुसरा रबर काढावा असं रोज सकाळी वाटायचं, आणि रोज व्हर्नियरचा आकडा बघून वाटायचं, आता थोडंच राहिलंय. फेरीच्या आदल्या दिवशी मार्चचं नवं कार्ड समोर घेतलं आणि राहिलेल्या सगळ्या खुणा एका बैठकीत, एका पेनानं केल्या. तसा कागद कारखान्यात माझ्यापुढं आला असता तर मी लांबूनच ओळखला असता.

फेरीच्या दिवशी मिसळ नको म्हणाले. नवऱ्यानं नुसतं बघितलं.

बसायच्या जागेत बोर्डाखालचीच खुर्ची रिकामी होती. शेजारी एक आई आपल्या शाळकरी मुलीला घेऊन आली होती, मुलीनं ऊस खाऊन क्लिप तोडलेली. आई बोर्डाकडे बोट दाखवून म्हणत होती, "बघ की ह्या कार्डाकडं. एक दीस सोडला न्हाय. आन् तू?" मुलगी कार्डाकडे न बघता माझ्याकडे बघत होती. उठून घरी जावं असं वाटलं, आणि तेवढ्यात सिस्टरनं हाक मारली.

तर एक्स-रे काढला. दोन मिनिटांत तो पडद्यावर आला. माझ्या तोंडात चौकट तशीच होती, मान वळवून मी बघितलं. दाताचं मूळ पेन्सिलीसारखं निमुळतं असतं. माझ्या त्या दाताच्या मुळाचं टोक वापरलेल्या पेन्सिलीसारखं बोथट दिसत होतं. डॉक्टरीणबाईंनी आधीचा जुना एक्स-रे शेजारी लावला. फरक कळायला व्हर्नियरची गरज नव्हती.

"ताई, घाबरू नका," त्या म्हणाल्या, म्हणजे मी घाबरले. "मूळ थोडं झिजलंय. जोर जास्त झाला की असं होतं. असंच चालू राहिलं तर दात जाईल, म्हणून आता जोर कमी करायला लागेल." मग त्या खुर्चीवर मागं टेकल्या. वयानं माझ्याहून दहा वर्षं तरी लहान असतील. "मागच्या वेळी मी जाड तार घातली. तुमचं एवढं छान चाललं होतं, मला वाटलं चालेल. माझंच चुकलं. सिस्टर, केसपेपरवर लिहा. जाड तार घातल्यामुळं दाबाचा त्रास. आजपासून पातळ तार, रबर पूर्वीसारखेच चालू."

सिस्टर लिहायला लागली. पेनाचा आवाज मला ऐकू येत होता.

मी आयुष्यभर खोट्या नोंदी पकडल्या. माझ्यासमोर एक खोटी नोंद होत होती आणि ती सांगणारी बाई शंभर टक्के खरी होती. मी गप्प राहिले तर काहीच होणार नव्हतं. रबर मी घरी जाऊन एकेक केले असते, कुणाला काही कळलं नसतं, त्या मात्र पुढच्या प्रत्येक पेशंटला जाड तार घालताना माझा दात आठवून घाबरल्या असत्या. एवढं सगळं माझ्या डोक्यात फिरत होतं आणि तोंड त्या चौकटीनं एवढं ताणलेलं, की एक शब्द बोलता येत नव्हता. तोंडातून नुसता घरघराट निघाला.

दुखलं तर डावा हात वर करायचा, हा तिथला नियम. मी डावा हात वर केला.

"दुखलं? मी तर हातच लावला नाही," त्या म्हणाल्या.

मी मान हलवली. हात वरच ठेवला.

"लाळ साठली असेल," सिस्टर म्हणाली आणि नळी तोंडात घातली. मी नळी हातानं बाजूला केली. हात पुन्हा वर. एवढ्या वेळात माघार घ्यायला भरपूर जागा होती. हात खाली घेतला असता तरी चाललं असतं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी चौकट काढली. ओठ बधिर झाले होते, शब्द नीट येईनात.

"दोन घालत होते," मी म्हणाले.

"काय दोन?"

"रबर. एका बाजूला दोन. जानेवारीपासून. इथं यायच्या आधी एकेक काढायचे."

त्यांनी मास्क खाली केला. मी त्यांचा पूर्ण चेहरा बहुतेक पहिल्यांदाच नीट पाहिला. "पण कार्डावर तर..."

"कार्ड खोटं आहे."

"सगळं?"

मला मामा आठवले. ओले हात, खाली घातलेली मान, मागून कुणाचं तरी हसणं. "सगळं," मी म्हणाले.

त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी दोन्ही एक्स-रे पुन्हा एकदा पाहिले. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुम्ही सांगितलं नसतं तर मी आज तार पातळ केली असती आणि रबर चालू ठेवा म्हणाले असते. तुम्ही पुन्हा दोन घातले असते ना?"

नाही, असं म्हणायला तोंड उघडलं होतं. "माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. सिस्टरनं केसपेपरवरची ओळ खोडली. जाताना मी बोर्डावरचं कार्ड काढून घेतलं. ऊस खाल्लेली मुलगी अजून तिथंच बसली होती, मी काय करतेय ते तिनं नीट पाहिलं.

तीन महिने काही ओढायचं नाही, दात नुसता राहू द्यायचा. तो टिकेल की नाही हे त्यानंतर कळणार होतं. घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं, त्याच्याशी खोटं बोलले होते तेही. मला वाटलं, गिरणीवरून ऐकवेल. तो म्हणाला, "भाकरी दुधात कुस्करू का?" आणि मला रडू आलं, काय कारण होतं देव जाणे. चंदगडचं लग्न झालं. फोटोत मी दुसऱ्या रांगेत आहे, जांभळी साडी, ओठ मिटलेले. रोज सकाळी उठल्याबरोबर जीभ त्या दातावर जायची, ढकलायचं धाडस व्हायचं नाही. व्हर्नियर मी कपाटात अगदी मागं टाकून दिला.

जूनच्या शेवटी पुन्हा एक्स-रे झाला. पडदा उजळेपर्यंत मी खुर्चीचा हात घट्ट धरून बसले होते. मूळ तेवढंच होतं. बोथट झालेलं टोक बोथटच, पण आणखी झिजलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी आरशाच्या दांडीनं दात हलवला, बोट लावलं, आणि त्यांच्या सैलावलेल्या खांद्यांवरून मला कळलं की दात राहील. "सावकाश पुढं जाऊ," त्या म्हणाल्या. "वर्ष तरी जास्त लागेल."

मी सवयीनं रबरांच्या पाकिटासाठी हात पुढं केला.

"नको ताई," त्या म्हणाल्या, आवाज अगदी मऊ होता. "आता रबर तुमच्या हातात नको. मी इथंच दातांना रबराची साखळी बांधून देते, महिन्याला मीच बदलेन."

त्यांचं बरोबर होतं. मीही तेच केलं असतं, मी तेच केलं होतं. पण ते ऐकताना काय होतं हे मला माहीत नव्हतं. खोली भरलेली नव्हती, सिस्टर कापूस भरत होती, कुणी हसलं नाही. तरी माझे कान तापले. एवढ्या मऊ आवाजात एकटीला सांगितल्यावर हे असं, तर निघायच्या वेळी सगळ्यांसमोर सांगितल्यावर कसं असेल?

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मामांच्या मशीनजवळ गेले. मोजायला दिलेल्या माणसाला दुसरीकडे पाठवलं आणि व्हर्नियर मामांपुढं धरला. त्यांनी तो घेतला नाही.

"मॅडम, खोटं लिवलंतं ते खरं हाय," ते म्हणाले. "पर त्या दिशी समद्यांच्या म्होरं बोललासा. ते लई लागलं."

"चुकलं माझं," मी म्हणाले. आणि मग मशीनच्या आवाजात, घर आणि दवाखाना सोडून कुणालाही न सांगितलेली रबरांची सगळी हकिकत त्यांना सांगितली. पुलाअलीकडे स्कूटर थांबवायचे तेही, एका पेनानं केलेल्या खुणाही. मामा ऐकत होते. हसले नाहीत.

"हालतोय व्हय अजून?" त्यांनी विचारलं.

"थोडा."

"ऱ्हाईल," मामा म्हणाले. त्यांनी व्हर्नियर घेतला, जबडे फडक्यानं पुसले, पहिला नग उचलून मोजला, फिरवून पुन्हा मोजला आणि आकडा मी बघावा म्हणून माझ्यापुढं धरला.

"तुम्ही सांगा," मी म्हणाले.

त्यांनी आकडा सांगितला. मी न बघता लिहिला.